न वाकणारा दांडा

अप्पांच्या प्रेसचा दांडा वर्षात दुसऱ्यांदा वाकला, हे मला अप्पांनी सांगितलं नाही. टर्नर मामांनी फोन करून सांगितलं.

अप्पा म्हणजे माझे वडील. नगरच्या एमआयडीसीत एका लहानशा वर्कशॉपमध्ये ते हातप्रेस चालवतात, मी पहिलीत होतो तेव्हापासून. टर्नर मामा तिथेच लेथवर असतात. नात्याने ते आमचे कोणी नव्हेत. पण आम्ही पाथर्डीला राहायचो, अप्पा आठवडाभर नगरला खोली करून राहायचे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्या खोलीवर गेलो की मला भेळ खाऊ घालायचं काम या शेजारच्या खोलीतल्या माणसाचं. तेव्हापासून ते मामा.

"मालक लई बोलले आज," मामा म्हणाले. "सगळ्यांच्या देखत. म्हणले, अप्पा, तुमी बुश बसवायला येता का दांडे मोडायला?"

"मग अप्पा काय म्हणाले?"

"काय म्हणतेत? दांडा काढला, ऐरणीवर ठोकून सरळ केला, परत लावला. अन् हे बघ, मी सांगितलं म्हणून बोलू नकोस त्यांला."

ज्यांनी हातप्रेस पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बिडाचं एक उभं धूड असतं. त्याच्या बाजूला इंचभर जाडीचा, हातभर लांबीचा लोखंडी दांडा. दांडा खाली ओढला की वरचा दट्ट्या खाली उतरतो आणि त्याच्याखाली ठेवलेली वस्तू दाबली जाते. अप्पांचं काम पेरणी यंत्राच्या बिडाच्या चाकांत पितळी बुश बसवण्याचं. बुश म्हणजे चाकाच्या मधल्या भोकात बसणारी जाड नळी. ती घट्टच बसावी लागते, त्यामुळे जोर लागतो. चार वर्षांपासून अप्पांचा उजवा खांदा धरतो. हात डोक्याच्या वर जात नाही. म्हणून ते दांड्यावर एक लांब पाइप चढवतात आणि पाइपावर अंगाचं वजन टाकतात. काम होतं, पण दांडा कधीतरी वाकतो.

माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. आजी-आजोबा ऊसतोडीला जायचे. अप्पाही दोन हंगाम त्यांच्याबरोबर गेले आणि मग कोयता ठेवून नगरला आले. मी पाथर्डीच्या शाळेत शिकलो. तिथल्या विज्ञानाच्या बाईंनी मला इंजिनिअरिंगचा फॉर्म स्वतः भरून दिला, हे मी विसरत नाही. पण पुढची चार वर्षं वसतिगृहात माझ्या ताटात जे पडलं, ते त्या दांड्याला लोंबकळून आलेलं होतं, हेही मला पक्कं माहीत आहे. आता मी पुण्याजवळच्या एका कंपनीत तपासणी विभागात आहे. एसीत बसतो. आणि इकडे त्या दांड्यावरून माझ्या बापाला चार माणसांत बोलणी बसतात, हे मला सोसेना. मी ठरवलं, अप्पांना न वाकणारा दांडा करून द्यायचा.

पुढच्या रविवारी नगरला उतरलो तो थेट स्टीलच्या दुकानात गेलो. दुकानदार तंबाखू मळत होता.

"कशाला पाहिजे?"

"हातप्रेसच्या दांड्याला."

त्याने बाहेरच्या ढिगाकडे हनुवटीने खूण केली. "एमएस न्या. सगळे तेच नेतात."

एमएस म्हणजे साधं मऊ लोखंड. खिडक्यांचे गज आणि शेताची फाटकं ज्याची करतात ते.

"ते वाकतं," मी म्हणालो.

"वाकू द्या की. ठोकलं की सरळ."

"न वाकणारं दाखवा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. कंपनीचं ओळखपत्र माझ्या गळ्यात तसंच राहिलं होतं. "इंजिनिअर का?"

"हो."

"मग तुमीच सांगा काय देऊ ते."

मी ईएन एकतीस मागितलं. बेअरिंगच्या गोळ्या करतात ते स्टील. आमच्या कंपनीत मोजमापाची गेजेस त्याचीच आहेत, मखमलीच्या पेटीत ठेवतात. कडक करून घेतलं की त्याच्यावर साधा ओरखडाही उठत नाही. कडकपणा वेगळा आणि चिवटपणा वेगळा, जे फार कडक होतं ते वाकत नाही तर एकदम तुटतं, हा प्रश्न मी दुसऱ्या वर्षाला आकृती काढून सोडवला होता. पैकीच्या पैकी गुण होते. दुकानात उभा असताना ते उत्तर मला आठवलं नाही असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. आठवलं होतं. पण ज्या माणसाने मला इंजिनिअर केलं त्याच्यासाठी खिडकीच्या गजाचं लोखंड घ्यायला माझा हात धजेना. मी मनात म्हटलं, एवढा जाड बार आहे, हाताने ओढायचा तर आहे, कशाला तुटतोय?

दांडा मामांनी लेथवर करून दिला. एका टोकाला मूठ बसवण्यासाठी आटे पाडले. कातरण बोटात धरून ते म्हणाले, "भारी माल दिसतोय. ह्याला पाणी देनार?"

लाल झालेलं पोलाद तेलात बुडवून कडक करतात, त्याला पाणी देणं म्हणतात. मी म्हणालो, "हो, देणार."

"हं," मामा म्हणाले आणि लेथ बंद केला.

भट्टीवाल्यानेही विचारलं होतं. "पाणी दिल्यावर कडकपणा थोडा उतरवून देऊ का? चिवट राहील."

"नको. जेवढा कडक होईल तेवढा करा."

खंडेनवमीला वर्कशॉप धुऊन पुसून लख्ख केलं होतं. त्या दिवशी कुठलंच मशीन चालत नाही. लेथ, ड्रिल, प्रेस, सगळ्यांना झेंडूच्या माळा घालतात, पाने, हातोडे, कानशी एका पाटावर मांडतात, मालक नारळ फोडतात. मी सुट्टी काढून आलो होतो. पूजेच्या आधी मी जुना दांडा काढून नवा बसवला. अप्पांना काही सांगितलं नव्हतं. त्यांनी धोतराला हात पुसले, दांड्यावरून तळवा फिरवला, मग बोटाच्या पेराने टकटक केलं. तो घंटेसारखा वाजला.

"वाकायचा नाही आता," मी म्हणालो.

अप्पांनी त्याला हळदकुंकू लावलं. इतर मशीनना लावलं त्यापेक्षा जरा जास्तच लावलं. माल घेऊन येणारा टेम्पोवाला प्रसादाला थांबला होता. अप्पांनी त्याला हाताला धरून प्रेसजवळ नेलं. "हात लावून बघा. पोराने केलाय. कंपनीतलं स्टील हाय, कानससुद्धा लागत न्हाई."

"मग अप्पा, आता पोरालाच बसवा की प्रेसवर," टेम्पोवाला म्हणाला.

"त्यो कशाला बसंल? त्यो डोक्याने काम करतो."

सगळे हसले. मीही हसलो. आयुष्यात इतका समाधानी मी क्वचितच झालो असेन. पदवीच्या दिवशी अप्पांना सभागृहात जागा मिळाली नव्हती, ते बाहेर पायरीवर बसून राहिले होते. त्या दिवसाची भरपाई आज झाली, असं मला वाटलं.

दिवाळीची सुट्टी संपवून कंपनीत परतण्याच्या आदल्या दिवशी मी वर्कशॉपवर गेलो. सकाळची वेळ होती, काम सुरू झालं होतं. प्रेसच्या मागे गोणपाटाखाली काहीतरी झाकलेलं दिसलं. उचलून पाहिलं तर तीन चाकं. तिन्हींचा मधला तुंबा उभा चिरलेला.

मामांनी लेथ थांबवला आणि मला दाराबाहेर नेलं.

"मालकांना सांगितलंय, बीड कच्चं आलंय म्हणून."

"कोणी सांगितलं?"

"अप्पांनी."

"आणि बीड कच्चं आहे?"

मामांनी खिशातून पुडी काढली, परत ठेवली. "बुश तिरकं चाललं की आधी काय व्हायचं, दांडा लवायचा. अप्पांच्या हाताला लगेच कळायचं. थांबायचे, बुश काढून सरळ लावायचे. आता दांडा लवतच न्हाई. पाइपावर टाकलेलं सगळं वजन चाकात जातंय. चाक फुटतंय." त्यांनी दारातून प्रेसकडे पाहिलं. "अन् चाक न्हाई फुटलं तर मग काय फुटंल? ते मला नको विचारू. तू शिकलेला हाईस."

आम्ही आत आलो. मामांनी बेंचवरची कानस घेतली आणि अप्पांच्या देखत दांड्यावर ओढली. कानस बर्फावरून घसरावी तशी घसरली. दांड्यावर रेघसुद्धा उठली नाही. "काच हाय ही," ते माझ्याच कानाशी म्हणाले.

"मग तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत?"

"मी काय बोलू? सातवी शिकलोय मी. तू एवढ्या हौसेने आणला. वाटलं, तुमच्या पुस्तकात आसंल काहीतरी नवीन."

तेवढ्यात अप्पांनी पुढचं चाक घेतलं. बुश ठेवलं, दांडा अर्धा खाली आणला, पाइप चढवला. दोन्ही हातांनी पाइप धरून ते त्याच्यावर ओणवे झाले, पाय जमिनीवरून जवळजवळ सुटलेले. त्यांची हनुवटी पाइपाच्या टोकापासून वीतभर वर होती. समोर बिडाची कडा. दांडा तुटला असता तर त्याने आधी काही सांगितलं नसतं. लवला नसता, कुरकुरला नसता. अप्पा तोंडावर पडले असते, त्या कडेवर. आणि ते जवळजवळ महिनाभर रोज दिवसातून शंभर वेळा असे ओणवे होत होते.

"अप्पा, थांबा," मी ओरडलो.

त्यांनी बुश पूर्ण बसवलं, मगच मागे वळून पाहिलं. "काय झालं?"

"हा दांडा काढायचा. चुकीचा आहे. हा तुटेल."

"चांगला चाललाय की."

"चाकं फुटतायत ती त्याच्यामुळेच."

"कच्चं बीड हाय ते," अप्पा म्हणाले. मामांकडे त्यांनी एकदा बघितलं. मामांनी मान खाली घातली.

"अप्पा, तुम्हाला हाताला कळत होतं ना?"

त्यांनी पाइप उतरवून भिंतीला लावला.

"मग सांगितलं का नाही मला?"

"तुज्यापेक्षा मला जास्त कळतं व्हय?"

हा टोमणा असता तर बरं झालं असतं. ते मनापासून विचारत होते. मी म्हणालो, "आज तरी हा काढा. जुना लावा."

"पूजा केलेला दांडा हाय. मधीच कोण काढतं? आता पुढल्या दसऱ्याला बघू." आणि त्यांनी पुढचं चाक हातात घेतलं.

मी दुसऱ्या दिवशी पुण्याला जाणार होतो. एवढंच माझ्या डोक्यात होतं. उद्यापासून हा माणूस माझ्या दांड्यावर ओणवा होणार, आणि फोन येईल तो मामांचा येईल. मी पाना घेतला, प्रेसचा स्क्रू सैल केला आणि दांडा ओढून काढला. अप्पा "आरं, आरं" म्हणत राहिले. मी तो बेंचव्हाइसमध्ये आडवा आवळला, गोणपाट भिजवून आणलं आणि त्याच्यावर गुंडाळलं, म्हणजे तुकडा उडू नये. सगळ्यांना मागे सरायला सांगितलं आणि घण उचलला.

मला वाटलं होतं चार-पाच घाव तरी लागतील. एकातच झालं. वाकला नाही, लवला नाही. गोणपाटातून एक सुका आवाज आला आणि पुढचा भाग गोणपाटासकट खाली पडला. तुटलेली बाजू राखाडी होती, फुटक्या पाटीच्या कडेसारखी सपाट. वर्कशॉपमधली सगळी कामं थांबली.

आवाज ऐकून मालक केबिनमधून बाहेर आले. "काय चाललंय? नवा दांडा ना तो?"

"चूक माझी आहे, मालक," मी म्हणालो. माझा श्वास चढला होता. "मी चुकीचं स्टील आणलं. चाकं याच्यामुळे फुटली. बीड चांगलं आहे."

बोलून झालं आणि मग मला कळलं की मी काय बोललो.

मालकांनी अप्पांकडे पाहिलं. ते चिडले नाहीत, उलट त्यांना हसूच आलं. "म्हणजे अप्पा, बीडवाल्याला मी एवढ्या शिव्या घातल्या, त्या फुकटच की."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. अप्पा खाली वाकून गोणपाटातला तुकडा काढत होते. हळदीचा डाग अजून त्याच्यावर होता. त्यांनी तो धोतराने पुसला, दुसरा तुकडा व्हाइसमधून सोडवला आणि दोन्ही आपल्या पेटीत नेऊन ठेवले. पंचवीस वर्षांत त्या माणसाला वर्कशॉपमध्ये कोणी खोटं बोलताना धरलं नव्हतं. बोलले ते माझ्यासाठी, आणि धरून दिलं मी.

जुना दांडा कोणीतरी भंगारात टाकला होता. नवा आणायला हवा होता. मालकांनी अप्पांना पाठवलं आणि मी बरोबर निघालो. एमआयडीसीच्या त्या लांब रस्त्याने आम्ही चालत होतो. कंटेनर धूळ उडवत जात होते. अप्पा माझ्या दोन पावलं पुढे होते.

"राग आला का?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग बोलत का नाही?"

"काय बोलायचं? मोडला ते बरं केलं. तोंड फुटलं असतं माजं." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "एकट्यात सांगितलं असतंस तरी काढला असता."

"मी सांगितलं होतं अप्पा. तुम्ही पुढच्या दसऱ्याला बघू म्हणालात."

"एकदाच सांगितलंस."

खरोखर एकदाच सांगितलं होतं. शाळेत त्यांना पालकांच्या सभेला यायला मी दहा वेळा सांगत असे, कारण त्यांना सुट्टी मागायचा संकोच वाटे. दहाव्यांदा सांगितल्यावर येत. त्यांचा स्वभाव मला माहीत होता. तरी एकदा नाही ऐकलं म्हणून मी घण उचलला. घाई दांड्याची होती की माझी, याचा मी अजून विचार करतो. त्या प्रेसवर ते आणखी एक दिवस ओणवे झाले असते तर काय झालं असतं, हे कोणी सांगू शकत नाही. कदाचित काहीच झालं नसतं. हा विचार मला रात्री-अपरात्री नाही, भर दिवसा कंपनीत गेजची पेटी उघडताना येतो.

अप्पांचं नेहमीचं दुकान वेगळं होतं, तिथे त्यांना ओळखत होते. दुकानदार म्हणाला, "या अप्पा, बघा तुमच्या हाताने." ते ढिगात शिरले. एक बार उचलून त्यांनी डोळ्यासमोर धरला, बंदुकीच्या नेमासारखा, सरळ आहे का पाहिलं आणि बाजूला ठेवला. दुसरा घेतला, जमिनीवर आपटला, कान देऊन ऐकलं. तोही ठेवला. तिसऱ्याला तळव्यात दोन-तीनदा फिरवून पाहिलं, नखाने गंज खरवडला, टोकाला कापलेली बाजू उन्हाकडे केली. कॉलेजात चार वर्षांत मी कुठलाही बार इतका वेळ हातात धरला नव्हता. साधं एमएसच होतं ते. पण त्या ढिगातून तो एक त्यांनी निवडला, आणि का निवडला ते मला सांगता आलं नसतं.

"हा द्या," अप्पा म्हणाले.

दुकानदाराने बार कापायला घेतला. करवत लावणार, तेवढ्यात अप्पांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि माझ्याकडे वळले.

"थांबा. ह्याला बघू द्या एकदा. बघ रं, बरोबर हाय का."

बघण्यासारखं काही नव्हतं. सकाळीच जे घडलं ते घडूनही ते मला विचारत होते, आणि त्यात मला बरं वाटावं म्हणून विचारण्याचा भाग नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी बार हातात घेतला. त्यांनी फिरवला होता तसा एकदा फिरवला.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"कापा," अप्पा दुकानदाराला म्हणाले.

करवत सुरू झाली. मी अप्पांकडे पाहत होतो. मी नको म्हणालो असतो, तर त्यांनी तो बार मुकाट्याने परत ढिगात ठेवला असता.